फिरत्या 'टॉपरच्या पाच नियमां'ना उत्तर

नवं सेमिस्टर सुरू झालं की 'टॉपरचे पाच नियम' सांगणारा संदेश कॉलेजच्या ग्रुपवर हमखास येतो. अभ्यासाची जागा कायम एकच ठेवा, खुर्चीसुद्धा बदलू नका. आजूबाजूला पूर्ण शांतता हवी. पहाटे 4 ला उठा. एकदा बसलात की चार तास उठू नका, धडा डोक्यात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचा. आणि हे सलग 21 दिवस करा; एक दिवस जरी चुकला, तरी मोजणी पहिल्यापासून. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण एका खोलीत चौघं राहणारी, घरी स्वतःचं टेबल नसलेली मुलं हे वाचतात आणि अभ्यास आपल्याला जमणारच नाही, असं धरून बसतात. हे मला फार लागतं, म्हणून हे उत्तर.

आधी जागेचं. यात तथ्याचा अंश आहे. 1975 साली गॉडन आणि बॅडली या संशोधकांनी पाणबुड्यांना शब्दांच्या याद्या दिल्या, काही किनाऱ्यावर, काही पाण्याखाली. जिथे ऐकले तिथेच शब्द जास्त आठवले. पण परीक्षा काही तुमच्या टेबलावर होत नाही. ती होते अनोळखी हॉलमध्ये, डुगडुगणाऱ्या बाकावर. 1978 मध्ये स्मिथ, ग्लेनबर्ग आणि बियॉर्क यांनी विद्यार्थ्यांना 40 शब्दांची यादी दोनदा अभ्यासायला लावली. काहींना दोन्ही वेळा एकाच खोलीत बसवलं, काहींना दोन वेगळ्या खोल्यांत. मग विचारलं तिसऱ्याच खोलीत. दोन खोल्यांत बसलेल्यांना बरेच जास्त शब्द आठवले. म्हणजे ज्याला रोज जागा शोधावी लागते त्याचं यात नुकसान नाही, झाला तर फायदाच आहे.

ठरलेल्या जागेचा खरा उपयोग वेगळा आहे: आज कुठे बसायचं, यात अर्धा तास जात नाही. तो उपयोग दोन-तीन जागा ठरवूनही होतो. ग्रंथालयातला मागचा कोपरा, दुपारनंतर रिकामा राहणारा एखादा वर्ग, जिन्याखालचं बाक. कुठली जागा कधी मोकळी असते, हे पहिल्या आठवड्यातच हिंडून पाहून ठेवावं. अंथरूण मात्र या यादीत नको, एवढं मी हट्टाने सांगेन.

शांततेबद्दल थोडक्यात. त्रास सगळ्याच आवाजांचा सारखा होत नाही, बोलण्याचा सर्वांत जास्त होतो. पंख्याच्या घरघरीची काही वेळाने सवय होते. शेजारच्या दोघांच्या गप्पांची होत नाही, कारण वाचलेले शब्द आणि ऐकलेले शब्द डोक्यात एकाच जागेसाठी भांडतात. गाण्यांचंही तेच. शब्द असलेलं गाणं आवडीचं असलं तरी पाठांतरात अडथळा आणतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. तेव्हा पूर्ण शांतता मिळाली नाही म्हणून अडून बसू नका. गप्पांपासून लांब सरका आणि फोन हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

पहाटे 4 चा नियम तर सरळ हानिकारक आहे. विशीच्या आसपास शरीराचं घड्याळ आयुष्यात सर्वांत उशिरा चालतं. रात्री लवकर झोप न येणं हा या वयात आळस नव्हे. 18 ते 25 या वयाला साधारण 7 ते 9 तास झोप लागते आणि दिवसभर शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. एकला झोपून चारला उठणारा मुलगा आदल्या दिवशीच्या अभ्यासावरच पाणी सोडत असतो. ज्याला दहालाच झोप येते त्याने पहाटे जरूर उठावं.

आता चौथा नियम. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो याच्यामुळे. पुन्हा पुन्हा वाचलं की धडा ओळखीचा होतो आणि ओळखीचा झाला म्हणजे आला असं वाटतं. जीवशास्त्रातलं क्रेब्ज चक्र घ्या, म्हणजे पेशीत अन्नापासून ऊर्जा मिळतानाच्या रासायनिक पायऱ्या. पुस्तक उघडं ठेवून पाचव्यांदा वाचताना प्रत्येक पायरीवर मान डोलते. आता पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा. सिट्रेट, आयसोसिट्रेट, अल्फा-किटोग्लुटारेट, सक्सिनिल को-ए, सक्सिनेट... आणि पेन थांबतं. पुढे फ्युमरेट की मॅलेट? नेमकं काय येत नाही ते या थांबलेल्या जागी कळतं. मग पुस्तक उघडून पाहिलेलं फ्युमरेट लक्षात राहतं.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हेच मोजून दाखवलं. एका गटाने उतारा दोनदा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर त्यांना 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. रात्रभर वाचून सगळं आलं असं वाटणारा विद्यार्थी सेमिस्टरच्या शेवटी का गडबडतो, ते यातून समजतं. आणि चार तासांची सलग बैठक? तेच चार तास चार दिवसांत वाटले तर जास्त टिकतात. थोडं विसरल्यावर केलेली उजळणी पक्की बसते, हे स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या 1885 सालच्या कामापासून पुन्हा पुन्हा सिद्ध झालं आहे. दोन लेक्चरांच्या मधला मोकळा पाऊण तासही म्हणूनच पुरेसा असतो.

राहिले 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनकडून आला. रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात, असं त्याने 1960 मध्ये लिहिलं. त्यातलं 'किमान' गळून पडलं आणि अभ्यासाशी त्याचा संबंध तर कधी नव्हताच. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयी पाहिल्या, तेव्हा सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असा अंदाज निघाला, आणि माणसामाणसांत 18 पासून 254 पर्यंत फरक होता. बाविसाव्या दिवशीही ओढून-ताणून बसावं लागत असेल तर तुमच्यात काही खोट नाही. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्याच अभ्यासात दिसलं. ताप आला, सबमिशन आलं, दिवस गेला. दुसऱ्या दिवशी पुढे चालू. त्या लोकांनी आपली सवय 'नाश्त्यानंतर' अशा रोज घडणाऱ्या गोष्टीला जोडली होती. तुम्हीही घड्याळाऐवजी शेवटच्या लेक्चरला जोडा: सर बाहेर पडले की बॅग न आवरता त्याच बाकावर कोरा कागद काढायचा आणि आज काय शिकवलं ते न बघता लिहायचं.