गड झाले, गढ्यांचं काय?

जुलै २०२५ मध्ये १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हापासून आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोपवे, अतिक्रमणं, गडावरच्या बाटल्या यांवरून खडाजंगी चालू आहे. आयर्लंडमध्ये, कॉर्कला बसून बोलायला तुझं काय जातं, हेही ऐकून घेतो. पण गावातल्या गढीचं, पाटला-देशमुखांच्या त्या तटबंदीच्या वाड्याचं, नाव कुणी काढत नाही.

गढीसारखेच इथले आयरिश रिंगफोर्टही नावालाच किल्ले. बहुतेक सातव्या ते दहाव्या शतकातली, बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्यांची घरं. तीसेक मीटर व्यासाचं वर्तुळ, भोवती चर, चरातल्या मातीचा बांध. दगडाळ भागात मातीऐवजी गडगा. आत कुडाची घरं. संपत्ती म्हणजे गाई, आणि त्या पळवायला शेजारचाच राजा यायचा. अशी ४५,००० च्या आसपास ठिकाणं माहीत आहेत.

काहींच्या पोटात भुयार सापडतं. वाड्यातून निघून थेट किल्ल्यावर पोचणारं आपलं ऐकीव भुयार नव्हे. हे आखूड, पण खरं. चर खणायचा, दोन्ही बाजूंनी नुसते दगड रचायचे, वर शिळा टाकून माती लोटायची. मध्येच वाट मुद्दाम इतकी चिंचोळी की रांगतच जावं लागतं. पाठलाग करणाऱ्याचं डोकं आधी आत येणार! गुलाम पकडणाऱ्या टोळ्या आल्या की लपायला, एरवी दूधलोणी गार ठेवायला. शेजारच्या केरी परगण्यात डनलोजवळ १८३८ मध्ये सापडलेल्या भुयारात तर ऑगम या प्राचीन आयरिश लिपीतल्या स्मारकशिळाच छताला वापरलेल्या निघाल्या.

रिंगफोर्ट टिकले ते आधी भीतीमुळे. आत परीलोक राहतात, बांध फोडला की गुरं दगावतात. देवराईत कुऱ्हाड चालवू नये तसंच. यंत्रं आली तशी भीती अपुरी पडली, बरेच सपाट झाले. तरी नोंदलेलं प्रत्येक ठिकाण सरकारी नकाशावर आहे, घरबसल्या दिसतं.

गढीला ना भीती, ना नकाशा. मराठवाड्यात तिची पांढरी माती उकरून नेली जाते. ग्रुपवर हे टाकलं तर एकानं लिहिलं, पाटला-देशमुखांच्या गढीसाठी आम्ही का रडावं? मुद्दा खोटा नाही. पण बांधाआडच्या आयरिश सुखवस्तूंकडेही गुलाम होतेच, तरी त्यांच्या जागांची नोंद आहे. रडू नका, निदान तालुकावार यादी करा. रोपवेवरचं भांडण तोवर चालू द्या.