नायट्याचं संगोपन

पोर हुशार निघावं, परदेशी जावं, घराण्याचं नाव काढावं, असं कुणाला वाटत नाही? पोटच्या पोराच्या बाबतीत ते आपल्या हातात नसतं. नायट्याच्या बाबतीत मात्र पूर्णपणे असतं.

मुहूर्त पावसाळ्याचा धरा. पॅसेजमधल्या दोरीवरची जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेपाशी ओलसर लागते. ती तशीच चढवा आणि लोकलच्या गर्दीत तासभर घामात मुरवा. काही दिवसांनी जांघेत रुपयाएवढी लाल चकती उठेल. कडेला बारीक पुरळ, मध्ये कातडी जरा साफ. बाळ आलं! पण ते डॉक्टरांना दाखवायचं नाही, जागाच तशी आहे. मेडिकलवाल्यापुढे फक्त ‘खाजेची एक ट्यूब द्या’ म्हणायचं असतं, तेही बाकीची गिऱ्हाइकं पांगल्यावर, हळू आवाजात.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचू नका. वाचलीत तर कळेल, की आत बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासोलसारखं जालीम स्टिरॉइड अशी मिसळ आहे. (तर्री स्टिरॉइडची.) दोन दिवसांत खाज गायब, लाली गायब. नायटा करणारी बुरशी जागच्या जागी असते, फक्त तिच्याशी भांडणारी कातडीची प्रतिकारशक्ती स्टिरॉइडनं झोपवलेली असते. मग चकतीची कड पुसट होते, ती मांडीवरून कमरेपर्यंत पसरते, आणि नंतर बघणाऱ्या डॉक्टरलाही चटकन ओळखू येत नाही. 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशी स्टिरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नका म्हणून फर्मावलं खरं. तुम्ही मागच्या वेळची चेपलेली ट्यूब काउंटरवर ठेवा आणि ‘हीच द्या’ म्हणा. माझी स्वतःची दोन वर्षं फ्रिजच्या दारात होती, सॉसच्या बाटलीला टेकून, शेपटीकडून जिलबीसारखी गुंडाळलेली.

आता शिक्षणाचं बघू. बुरशीला पेशीचं आवरण बांधायला अर्गोस्टेरॉल लागतं. ते तयार होताना स्क्वालीन एपॉक्सिडेज नावाचं एक एन्झाइम राबत असतं. नायट्यावर देतात ती टर्बिनाफिनची गोळी नेमका त्याचाच हात धरून ठेवते आणि बांधकाम ठप्प होतं. पण असंख्य पेशींत एखादी अशी निघते, जिच्या एन्झाइममध्ये 397व्या जागी फेनिलॲलनिन या अमिनो आम्लाच्या ऐवजी ल्युसिन हे दुसरंच बसलेलं असतं. एका अक्षराची चूक म्हणा ना. तेवढ्यानं गोळीची पकड सुटते आणि बांधकाम मात्र चालू राहतं.

ही कार्टी वर्गात पहिली यायची तर बाकीचा वर्ग रिकामा व्हायला हवा. ते काम तुमचं. आठवडाभर गोळ्या घ्या, खाज थांबली की बंद करा. उरलेली पट्टी देवघराच्या खणात ठेवा, महिन्यानं पुन्हा चार घ्या. दर फेरीला साध्याभोळ्या पेशी मरतात, ही उरते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तिचीच पोरंबाळं नांदतात. लोक उगाच म्हणतात, की ‘शरीराला औषधाची सवय झाली’. शरीराला कसली सवय होतेय? शिकते ती बुरशी, आणि फी तुम्ही भरता.

भावकीतही हुशारी आहे. ॲस्परजिलस नावाची बुरशी तर शेतावर शिकली. पिकांवर फवारायची बुरशीनाशक ॲझोल औषधं आणि फुफ्फुसातल्या बुरशीवरची ॲझोल औषधं एकाच घराण्यातली. नेदरलँड्समध्ये ट्यूलिपच्या कंदांपाशी तिनं आधीच सराव करून ठेवलेला होता. पण ते मोठं घराणं, आपण आपल्या नायट्याकडे वळू.

त्याला एकटं वाढवू नका. टॉवेल घरात एकच ठेवा. मेव्हण्याला खाज सुटली तर अर्धी ट्यूब त्याला द्या, नात्यात हिशेब करू नये. बायकोला उठलं तर ‘तुझं तू बघ’ म्हणा, म्हणजे तुमचं बरं झालं तरी तिच्याकडून परत आणता येईल.

एवढं केलंत की परदेश दूर नाही. टर्बिनाफिनला बऱ्याचदा दाद न देणाऱ्या आपल्याकडच्या या बुरशीचं 2020 मध्ये रीतसर बारसं झालं: ट्रायकोफायटन इंडोटिनिई. नावातच इंडिया! 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन बायकांच्या अंगावर ती सापडल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं (सीडीसी) छापलं. त्यातली एक तर अलीकडे देशाबाहेरच गेली नव्हती. व्हिसाच्या रांगेत उभं न राहता अमेरिकेत स्थायिक झालेलं दुसरं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर कळवा.

शेवटी जावं लागतंच डॉक्टरांकडे. ते कातडी खरवडून काचेवर घेतील. इट्राकोनॅझोल लिहून देतील, जेवणानंतर घ्या म्हणतील, बरं वाटल्यावरही सांगेपर्यंत थांबवू नका म्हणतील, घरातल्या सगळ्यांना घेऊन या म्हणतील. मग चष्म्यावरून बघत विचारतील, ‘याआधी काय लावत होतात?’

खिशातल्या ट्यूबवर हात ठेवा आणि सांगा, ‘काही नाही हो डॉक्टर, साधं खाजेचं मलम.’