गावची रेल्वे बंद पाडण्याचा खात्रीचा उपाय

तुमच्या ताब्यात एखादा शाखा मार्ग आला असेल आणि तो नकोसा झाला असेल, तर आधी एक पथ्य पाळा. बंद करण्याचा हुकूम काढू नका. हुकूम निघाला की मोर्चा निघतो, रुळांवर माणसं बसतात, आमदार-खासदार निवेदनं घेऊन येतात. जाणता माणूस गाडी चालूच ठेवतो आणि प्रवाशांनीच तिचा नाद सोडावा अशी व्यवस्था करतो. मग बोट दाखवायचं कोणाकडे, हेच कोणाला कळत नाही.

समोर नमुना हवा म्हणून जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर गाडी घेऊ. नाशिकरोडहून भुसावळच्या अंगाला निघालं की मनमाड, नांदगाव, चाळीसगाव आणि मग पाचोरा. तिथून अडीच फुटी रुळांवर ५६ किलोमीटर. वाटेत वरखेडी, शेंदुर्णी, पहूर, भागदरा आणि शेवटी जामनेर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झालेली ही ‘पीजे’ शंभरी गाठून मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, ती पुन्हा सुटलीच नाही. इतकी आयती टाळेबंदी सगळ्यांच्या नशिबी येत नाही. बाकीच्यांना हातपाय हलवावे लागतात.

सगळ्यात गुणकारी औषध म्हणजे वेळापत्रक. मोठ्या लाइनची गाडी जंक्शनला यायची वेळ पाहा आणि छोटी गाडी तिच्या बरोबर दहा मिनिटं आधी सोडा. एक तास आधी सोडलीत तर लोक म्हणतील, वेळापत्रक चुकलंय. दहा मिनिटांनी हुकली तर निफाडहून निघालेला माणूस पुलावरून धावत येतो, शेवटचा डबा जाताना पाहतो आणि शिव्या मोठ्या गाडीला घालतो. परतीला याच्या उलट करा. छोटी गाडी जंक्शनच्या होम सिग्नलबाहेर, म्हणजे स्टेशनात शिरायची परवानगी देणाऱ्या सिग्नलच्या अलीकडे, उभी आणि खिडकीतून आपली नाशिककडची गाडी जाताना दिसतेय, असा योग साधला की तो प्रवासी पुढच्या वेळी एसटीने जातो. फक्त ‘ते दुसऱ्या विभागाकडे आहे’ ही नेहमीची सबब इथे चालणार नाही, कारण नाशिकरोडपासून पाचोऱ्यापर्यंत सगळं एकाच भुसावळ विभागात येतं. तेव्हा ‘मार्गावर ताण आहे’ एवढंच म्हणावं.

कधी फारच ओरड झाली तर एकदा दोन्ही गाड्यांच्या वेळांचा मेळ ठेवा, पण तोही असा ठेवा की लोकांनी पुन्हा मागू नये. अशा मार्गावर गाडीचा संच एकच असतो. तोच सकाळी जातो, तोच परत येतो, तोच संध्याकाळी पुन्हा जातो. सकाळी मोठ्या गाडीसाठी दीड तास थांबवलात की दिवसातल्या चारही फेऱ्यांचा बट्ट्याबोळ होतो. कोर्टात तारीख असलेला, कॉलेजला जाणारा, अपडाऊन करणारा मास्तर, हे सगळे एका दिवसात तुमच्या बाजूचे होतात.

मग वेगाकडे वळा. ५६ किलोमीटर ताशी ४० ने गेलं तर ८४ मिनिटं लागतात, ताशी २५ ने सव्वादोन तास, आणि थांबे त्याहून वेगळे. वेग कमी करायला काही करावं लागत नाही. आजवर जे करत आलात, ते फक्त थांबवायचं. पावसाळ्याआधी रुळांच्या कडेचे चर उपसू नका. खान्देशातली काळी जमीन पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. चर तुंबला की खालचा चिखल वर येतो, खडीत मिसळतो आणि सुकला की खडीची ढेप होते. गाडीखाली स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी पट्टी, वरखाली हलायला लागतो, रूळ सरळ राहत नाहीत. मग ड्रायव्हरच्या हातात कॉशन ऑर्डर, म्हणजे हळू जाण्याचा लेखी हुकूम, द्यायची, ताशी १० किलोमीटर. जागा दोनशे मीटरचीच असली तरी शेवटचा डबा पार होईपर्यंत वेग वाढवता येत नाही, त्यामुळे अशा पाच-सहा जागा पुरतात. रूळ राखणारा गँगमन निवृत्त झाला की ती जागा भरू नका. फाटकावरचा माणूसही काढा आणि त्याला गाडीत बसवा. फाटकाआधी गाडी थांबते, तो उतरतो, फाटक लावतो. गाडी पुढे जाऊन थांबते, तो फाटक उघडतो आणि धावत येऊन चढतो. सुरक्षेची सुरक्षा आणि दर फाटकाला चार-पाच मिनिटांची कमाई! शेजारच्या रस्त्यावरून काळी-पिवळी हॉर्न वाजवत पुढे निघून जाते, ती जाहिरात फुकट.

मालाचं काम त्याहून सोपं आहे. इकडे रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर, तिकडे १६७६. एकीकडचा डबा दुसरीकडे जाणं शक्यच नाही. जंक्शनच्या मालधक्क्यावर प्रत्येक नग हमालाच्या पाठीवरून जातो. रुईची गाठ १७० किलोची, दोन वेळा उचलायची, दोन वेळा हमाली मोजायची, पाऊस आला तर भिजवायची. जिनिंगवाल्याने हिशेब केला की तो जिनच्या दारातच ट्रक भरतो. तुम्ही मालाचं बुकिंग बंद करायचीही गरज नाही, शेड गळू द्या म्हणजे झालं. (शेतमालासाठी रेल्वे चालत नाही असं मात्र जाहीर बोलू नका. देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला निघाली होती, लोकांच्या लक्षात असतं.)

आता तोटा दाखवायची वेळ. तिकीट खिडकी गाडीआधी पंधरा मिनिटं उघडा आणि सुट्टे पैसे ठेवू नका. निम्मे लोक तिकिटाशिवाय चढतील. गाडी दारापर्यंत गच्च आणि कागदावर रिकामी, यापेक्षा सुंदर आकडेवारी नाही. प्रवाशांची मोजणी मे महिन्यात करा, शाळा-कॉलेजं बंद असतात. कार्तिकात शेंदुर्णीला त्रिविक्रमाची यात्रा भरते, त्या दिवसांत चुकूनही करू नका. पहूरहून अजिंठ्याची लेणी जवळ आहेत, हे सांगणारी पाटी तर कुठल्याच स्टेशनवर नको.

गाडी अगदीच तग धरून राहिली, तर भाडं वाढवा, पण वाढवलं असं म्हणू नका. गाडी तीच, डबे तेच, थांबे तेच, फक्त नंबराच्या सुरुवातीला शून्य लावा आणि तिला ‘स्पेशल’ म्हणा. करोनानंतर पॅसेंजरला एक्सप्रेसचा दर लागला आणि किमान भाडं १० चे ३० रुपये झालं. ओढा, खेरवाडी, उगावच्या लोकांनी एक्सप्रेस म्हणजे काय ते तेव्हाच पाहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये दर परत खाली आले, पण तोपर्यंत ज्यांना दुचाकी घ्यायची होती त्यांनी ती घेतली होती.

नाशिककरांना हे ज्ञान नवीन नाही. मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत ट्राम होती, दोन डबे आणि चार घोडे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती संपली. तेव्हापासून स्टेशनवर उतरलेल्या पाहुण्याचा आणि रिक्षावाल्याचा जो संवाद चालतो, तो आपण ट्रामच्या बदल्यात कमावलेला आहे.

गाडी थांबली की लगेच ब्रॉडगेजची घोषणा करा. बंद पडली म्हणायचं नाही, ‘रूपांतरासाठी थांबवली’ म्हणायचं. जामनेरच्या पुढे बोदवडपर्यंत न्यायचं ठरलंय, एकूण ८४ किलोमीटर, हे सांगताना नकाशा उघडा ठेवा. नकाशावरची लाल रेघ गाडीपेक्षा वेळेवर असते. रूळ उचलण्याची घाई नको, त्यांच्यात बाभळी वाढू द्या. बाभळीला कोणी जाब विचारत नाही.

तरी एखादा चिवट माणूस ‘गाडी कधी?’ असं विचारत येतोच. त्याला ‘सर्वेक्षण’ सांगू नका, ते आता शाळेतली पोरंही ओळखतात. ‘भूसंपादन’ सांगा. नाशिक-पुणे रेल्वेसाठी सिन्नर तालुक्यात खरेदीखतंही झाली आणि मग खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे मार्गच बदलायचा विषय निघाला, हे त्याने पेपरात वाचलेलं असतं. मार्ग नेमका कोणत्या गटातून जाणार हे अजून नक्की नाही, एवढं हळू आवाजात सांगितलं की तो गाडीचं विसरतो, आपला सातबारा काढायला तलाठ्याकडे पळतो, आणि निदान पुढचे चार महिने तुमच्या दारात येत नाही.