दोन मिलिमीटरच्या जिवाला नाव कशासाठी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रादेशिक जैवविविधतेच्या सर्वेक्षणांवरील माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. केसाएवढ्या फरकावरून नवनव्या प्रजाती जाहीर करणे हा केवळ नावलौकिकाचा उद्योग झाला आहे. त्यासाठी असंख्य जीव अल्कोहोलमध्ये बुडवून मारले जातात, आणि उत्तम कॅमेरे व डीएनए तपासणी हाताशी असताना त्याची गरज उरलेली नाही. शिवाय ओळखीचे प्राणी डोळ्यांदेखत नाहीसे होत असताना पालापाचोळ्यातले अनोळखी किडे मोजत बसणे ही पैशांची उधळपट्टी आहे. शेवटी आपण विचारले आहे की, हौशी निरीक्षकाच्या छायाचित्रांना या कामात काही स्थान आहे की नाही. यांतला पहिला आक्षेप मला अंशतः मान्य आहे, बाकीचे मान्य नाहीत. का ते सांगतो.

केसाएवढ्या फरकापासून सुरुवात करतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेत कसावाच्या पिकावर बाहेरून आलेला एक पिठ्या ढेकूण (अंगावर पिठासारखा पांढरा थर असलेला, झाडाचा रस शोषणारा कीटक) दिसू लागला आणि काही वर्षांतच त्याने शेतेच्या शेते उजाड केली. कसावाचे कंद हे तिथल्या कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न असल्यामुळे प्रश्न केवळ शेतीचा राहिला नव्हता. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तेव्हा कीडही तिथलीच असणार आणि तिला आवर घालणारा मित्रकीटकही तिथेच मिळणार, हा तर्क बरोबर होता. आफ्रिकेतल्या नमुन्यांवरून 1977 मध्ये या किडीचे शास्त्रीय वर्णनही झाले. मूळ स्थानाचा शोध घेताना दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसावावर हुबेहूब तसाच पिठ्या ढेकूण आढळला, त्याच्यावर वाढणारे परोपजीवी कीटक गोळा करण्यात आले, पण आफ्रिकेतल्या किडीवर त्यांची मात्रा चालेना. पुढे बारकाईने तपासल्यावर कळले की ती वेगळीच प्रजाती होती. आफ्रिकेतल्या किडीत केवळ माद्या असतात आणि त्या नराविना पिल्ले देतात. या दुसऱ्या प्रजातीत नर आणि मादी दोन्ही असतात. तिचे स्वतंत्र वर्णन 1981 मध्ये झाले आणि त्याच वर्षी खरी कीड पराग्वेत सापडली. तिच्यावर वाढणारी, गांधीलमाशीच्या नात्यातली अ‍ॅनागायरस लोपेझी ही जेमतेम दोन मिलिमीटरची परोपजीवी माशी नायजेरियात सोडण्यात आली, तिथून ती कसावा पिकवणाऱ्या बहुतेक प्रदेशांत पोहोचली आणि कीड आटोक्यात आली. या मोहिमेचे नेतृत्व करणाऱ्या हान्स हेरेन यांना 1995 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. साध्या डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन पिठ्या ढेकणांना दोन नावे देण्याची तसदी कोणी घेतली नसती, तर चुकीच्या किडीचे शत्रू आणखी किती काळ गोळा होत राहिले असते, याचा आपणच विचार करावा.

अर्थात, एखादा केस कमी-जास्त आहे एवढ्यावर कोणताही जबाबदार वर्गीकरणतज्ज्ञ नवी प्रजाती जाहीर करत नाही. कोळ्यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा रंग आणि आकार वयानुसार व ऋतूनुसार बदलतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवता येत नाही. नराच्या तोंडाजवळच्या आखूड पायांसारख्या अवयवांची टोके सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर तिथे वळलेले काटे, पापुद्रे आणि स्प्रिंगसारखी गुंडाळलेली नळी अशी अतिशय गुंतागुंतीची रचना दिसते आणि ती बहुतेक वेळा प्रत्येक प्रजातीत वेगळी असते. पिल्लांमध्ये ही रचना तयार झालेली नसते, त्यामुळे जाणकारही पुष्कळदा कोळ्याच्या पिल्लाचे कूळ सांगून थांबतात. असा फरक अनेक नमुन्यांत टिकून आहे का, त्याच्या जोडीला इतर लक्षणेही बदलतात का, आणि शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वर्णन झालेल्या जवळच्या प्रजातींच्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहिले आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यानंतरच वर्णन लिहायला घ्यायचे असते. आपला आक्षेप मला अंशतः मान्य आहे तो इथे. जुने नमुने न पाहता, एकाच नमुन्याच्या आधारे घाईने लिहिलेली वर्णने प्रसिद्ध होतात, आणि ती निस्तरण्यात पुढच्या संशोधकांची वर्षे जातात. अशा कामावर कठोर टीका व्हायलाच हवी.

आता जीव मारण्याविषयी. हा प्रश्न मी हलका मानत नाही. पालापाचोळा चाळून तो जाळीच्या गाळणीवर पसरतात, वर दिवा लावतात, आणि उष्णता व कोरडेपणा टाळण्यासाठी त्यातले जीव खाली खाली सरकत अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. दोन मुठी पाचोळ्यातूनही माइट (कोळ्यांच्या नात्यातले सूक्ष्म जीव), स्प्रिंगटेल (उड्या मारणारे पंखहीन चिमुकले जीव), भुंगेऱ्यांच्या अळ्या, नांगी नसलेले विंचवासारखे चिमुकले जीव असे कितीतरी नमुने मिळतात. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तो कशाच्या तुलनेत आहे हेही पाहायला हवे. जगभरातील पक्षी मिळून वर्षाला 40 ते 50 कोटी टन कीटक व तत्सम जीव खातात, असा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. उडत्या कीटकांसाठी तंबूसारखा सापळा लावला, तर त्यात दिवसाला काही ग्रॅम कीटक जमतात. वेगाने वाढणाऱ्या आणि विखुरलेल्या प्रजातींवर याचा परिणाम नगण्य असतो. मात्र सर्वच जीव असे नसतात. एकाच गुहेत राहणारे अंध कीटक किंवा एकाच डोंगरमाथ्यावर उरलेल्या गोगलगायी यांच्या बाबतीत हा हिशेब लागू पडत नाही. तिथे हाताने मोजकेच नमुने घ्यावेत, सापळे लावून निघून जाऊ नये, आणि रिकाम्या शंखांवर काम भागत असेल तर जिवंत गोगलगाईला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि जे जमवले जाते ते पुढे काय सांगू शकते, याकडेही लक्ष द्यावे. जर्मनीत क्रेफेल्ड येथील, बहुतांशी हौशी अभ्यासकांच्या कीटकमंडळाने 63 संरक्षित क्षेत्रांत एकाच पद्धतीचे सापळे लावून 27 वर्षांत गोळा केलेल्या कीटकांची वजने 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा उडत्या कीटकांचे वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्याचे जगाला समजले. आपण संवर्धनाच्या बाजूने बोलता आहात; कीटकांच्या ऱ्हासाविषयीचा हा सर्वांत चर्चिलेला पुरावा अशा जपून ठेवलेल्या बाटल्यांतूनच आला आहे.

छायाचित्रांवरून नवी प्रजाती जाहीर करण्याचा प्रयोगही झाला आहे. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका माशीचे वर्णन केवळ छायाचित्रांच्या आधारे प्रसिद्ध झाले. नियमांच्या चौकटीत ते बसते की नाही यावर बराच वाद झाला आणि पुढच्याच वर्षी शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी संयुक्त पत्र लिहून या पद्धतीला विरोध केला. मला त्यांची बाजू पटते. छायाचित्र घेताना जे लक्षण महत्त्वाचे वाटले नाही, ते नंतर कोणालाही त्यात शोधता येत नाही. नमुना मात्र पन्नास वर्षांनी पुन्हा उघडून पाहता येतो, आणि मूळ अभ्यासकाचे म्हणणे खोडूनही काढता येते. डीएनए तपासणीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. 2003 पासून रूढ झालेल्या डीएनए बारकोड पद्धतीमुळे, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याच्या पद्धतीमुळे, नर, मादी आणि अळी एकाच प्रजातीची आहे का, हे झटपट समजू लागले आहे. परंतु तो बारकोड कोणत्या नावाचा, हे सांगायला नीट ओळखलेला नमुना लागतोच, आणि डीएनएदेखील बहुधा त्याच नमुन्याच्या एका पायातून काढलेले असते.

राहिला पैशांचा मुद्दा. उधळपट्टी होते हे खरे आहे, पण ती मला दुसरीकडे दिसते. नमुना गोळा झाल्यापासून नवी प्रजाती म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध होईपर्यंत सरासरी 21 वर्षे जातात, असे 2012 मधील एका अभ्यासात आढळले. म्हणजे सर्वेक्षणाचा खर्च होऊन जातो आणि त्यातून मिळालेले ज्ञान कपाटात पडून राहते. स्वीडनमध्ये 2003 ते 2006 या काळात देशभर लावलेल्या सापळ्यांत अंदाजे दोन कोटी कीटक जमले आणि त्यांचे वर्गीकरण दीड दशकानंतरही संपलेले नव्हते. जिथले कीटक जगात सर्वाधिक अभ्यासले गेले आहेत, अशा देशांपैकी तो एक आहे. लॉस एंजेलिस शहरात घरांच्या परसात लावलेल्या सापळ्यांतून 2015 मध्ये एकाच गटातील माश्यांच्या 30 नव्या प्रजाती नोंदल्या गेल्या, कारण ते नमुने ओळखू शकणारी माणसे त्या प्रकल्पात पहिल्या दिवसापासून होती. सर्वेक्षणाच्या अंदाजपत्रकात वाहने आणि सापळे यांच्याइतकीच तरतूद नमुने निवडणाऱ्या व ओळखणाऱ्या माणसांच्या पगारासाठी असावी, हा आग्रह आपण धरलात तर मी आपल्या सोबत आहे. ओळखीच्या प्राण्यांचे रक्षण आधी करा, हे आपले म्हणणे मात्र मला अपुरे वाटते. आजवर सुमारे दहा लाख कीटक प्रजातींचे वर्णन झाले आहे आणि एकूण संख्या त्याच्या पाचपट किंवा अधिक असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. एखाद्या अधिवासावर धरण किंवा खाण येणार असेल, तर तिथे काय नष्ट होणार आहे हे सांगताना नाव नसलेला जीव कोणत्याही अहवालात येत नाही.

शेवटी आपला प्रश्न. हौशी निरीक्षकाच्या छायाचित्रांना निश्चित स्थान आहे, विशेषतः एखादा जीव कुठे, केव्हा आणि काय करताना दिसला, हे सांगण्यात. अल्कोहोलमधल्या नमुन्यावरून त्याचा जिवंतपणीचा रंगही पुष्कळदा कळत नाही. वरून, बाजूने आणि शक्य असल्यास समोरून, अशी किमान तीन छायाचित्रे घ्यावीत आणि शेजारी मोजपट्टी ठेवावी. तारीख, अचूक ठिकाण आणि उंची लिहावी. कीटक एखाद्या झाडावर असेल तर त्या झाडाचे पान आणि फूलही टिपावे, कारण ठरावीक झाडांवरच जगणाऱ्या कीटकांच्या बाबतीत ओळखीची निम्मी वाट तिथेच सापडते. छायाचित्रावरून प्रजातीपर्यंत पोहोचता येत नसेल, तर नोंद कुळापाशी थांबवावी आणि तसे लिहावे. अशी नोंद पाहून एखादा अभ्यासक नेमक्या त्याच झाडापाशी, नेमक्या त्याच महिन्यात जाऊ शकतो.