मागितलं तरच मिळणारे हक्क

मागच्या महिन्यात मावशीचा फोन आला, आवाज रडवेला. "अरे, लाइट बिल सात हजार आठशे चाळीस आलंय, माझं पेन्शनच केवढं." मावशी एकटी राहते, दोन खोल्या, एक फ्रिज, एक पंखा, आणि उन्हाळ्यात भाच्यांनी मिळून घेऊन दिलेला एसी जो ती पाहुणे आले की लावते असं म्हणते (आम्ही सगळे समजून आहोत). बिल नेहमी सातआठशेच्या आत. मी म्हणलं, बिलाचा फोटो पाठव. फोटो आला तो तिच्या अंगठ्यासकट, पण रीडिंगचा रकाना दिसला. मागचे चार महिने रीडिंगच्या जागी "लॉक" असा शेरा आणि दरवेळी अंदाजे युनिट टाकून बिल. मीटर जिन्याखाली, जिन्याला जाळीचं दार, त्याला कुलूप, रीडिंगवाला पोरगा दुपारी येणार, मावशी दुपारी झोपणार. विषय संपला. आणि पाचव्या महिन्यात कुणीतरी खरं रीडिंग घेतलं तर साचलेले सगळे युनिट एकाच महिन्याच्या माथी.

इथे गंमत काय होते बघा. आपल्याकडे घरगुती विजेचा दर पायऱ्यांचा, म्हणजे स्लॅबचा आहे, 100 युनिटपर्यंत एक, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, 500 च्या वर चौथा, आणि प्रत्येक पायरीला दर चांगलाच वर उडी मारतो. समजा महिन्याला 160 युनिट वापरणारी बाई कायम पहिल्यादुसऱ्या पायरीवरच राहिली असती. पण चार महिन्यांचे 640 एकत्र मोजले की ती थेट वरच्या पायरीवर, म्हणजे बंगलेवाल्यांच्या रांगेत. वर 16 टक्के वीज शुल्क आहेच. आठवतंय ना, जून 2020 ला लॉकडाऊननंतर हेच झालं होतं, मार्चअखेरपासून रीडिंग बंद, अंदाजे बिलं, आणि मग एकदम मोठी बिलं आल्यावर राज्यभर बोंबाबोंब. तेव्हा कंपन्या स्वतःच समजावून सांगत होत्या की युनिट महिन्यांत विभागून स्लॅबचा फायदा दिलाय. म्हणजे विभागता येतं, सिस्टिममध्ये सोय आहे. मावशीच्या बिलात ते झालं नव्हतं.

मी सुट्टी काढून वीज कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरचे साहेब वाईट नव्हते, दमलेले होते. म्हणाले, "मीटर बरोबर आहे, वापर तुमचाच आहे, आधी भरून टाका मग अर्ज करा, नाहीतर लाइन कट होईल." हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय, आधी भरा मग बोला. आणि माझा सगळा राग या वाक्यावरच आहे, कारण कायद्यात नेमकं उलटं लिहिलंय. वीज कायदा 2003, कलम 56. लाइन तोडायची तर आधी 15 दिवसांची लेखी नोटीस द्यायला लागते. आणि त्याच कलमात पुढे असं आहे की बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट, एकतर मागितलेली पूर्ण रक्कम भरायची किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी, यातली जी कमी असेल ती, आणि तेवढी भरली की वाद मिटेपर्यंत लाइन तोडता येत नाही. वीसेक वर्षं जुना नियम आहे हा. साहेबांना माहीत होता का? होता. मी कलमाचा आकडा सांगितल्यावर त्यांनी फक्त चष्मा वर केला आणि म्हणाले, "द्या मग लेखी."

द्या मग लेखी!! म्हणजे मी सुट्टी काढली नसती, मला ते कलम माहीत नसतं, तर मावशीने कानातलं गहाण ठेवून 7,840 भरले असते आणि सगळं कसं "नियमानुसार" झालं असतं.

पुढचं थोडक्यात, अर्ज दिला, पोच घेतली (पोच घ्याच, शिक्का आणि तारखेसकट), सरासरीचे पैसे भरले, तीन आठवड्यांनी दुरुस्त बिल आलं, जवळजवळ निम्म्यावर.

म्हणून सध्या ग्राहक संरक्षणाचे नियम पुन्हा तपासा, नवीन आणा, कडक करा अशी चर्चा निघाली की मला वाटतं, अहो नियम कमी नाहीयेत. 31 डिसेंबर 2020 ला केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे वेगळे नियमच काढले. त्यात काय काय आहे ऐकून घ्या. अंदाजे बिल एका आर्थिक वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा द्यायचं नाही. बिल 60 दिवस किंवा त्याहून उशिरा दिलं तर 2 ते 5 टक्के सूट. तक्रारीचा निकाल जास्तीत जास्त 45 दिवसांत. आणि सगळ्यात भारी, सेवेतली जी कसूर कंपनीला दूरूनच तपासता येते त्यासाठी भरपाई आपोआप, ग्राहकाने न मागता. 2024 च्या दुरुस्तीत आणखी एक चांगली गोष्ट आली, मीटर जास्त पळतोय अशी तक्रार केली तर पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्ही पडताळायचे.

वाचायला एकदम स्वर्ग. मावशीला चार अंदाजे बिलं आली, कुणाच्या सिस्टिमने अलार्म वाजवला? आमच्या सोसायटीत 42 घरं, मी विचारून बघितलं, "आपोआप भरपाई" एकाच्याही बिलात कधी वजा झालेली नाही. उलट दरवर्षी उन्हाळ्यात जादा सुरक्षा ठेवीची मागणी मात्र काय बिनचूक येते, तिथे कॉम्प्युटर कधी विसरत नाही. कंपनीला घ्यायचं असतं ते ऑटोमॅटिक आणि द्यायचं असतं ते अर्जाने, हा माझा अनुभव, तुमचा वेगळा असेल तर आनंदच आहे.

रीडिंगवाल्या पोरावर राग काढू नका हां. तो कंत्राटी, मीटरमागे पैसे मिळतात असं त्यानेच सांगितलं, कुलूप दिसलं की लॉक टाकून पुढच्या जिन्यात पळणार नाहीतर त्याचाच दिवस फुकट.

आता प्रीपेडबद्दल, कारण हे मला जास्त गंभीर वाटतं. 2020 च्या त्याच नियमांत असंही आहे की मीटर स्मार्ट प्रीपेड किंवा प्रीपेड असावा, अपवाद राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवायचा. महाराष्ट्रात विरोध झाला आणि जून 2024 मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना असे मीटर लावणार नाही असं जाहीर केलं. पण मुद्दा मिटलेला नाही. प्रीपेडमध्ये बॅलन्स संपला की लाइट जाते. मग 15 दिवसांच्या नोटिशीचं काय? निषेध नोंदवून सरासरी भरायची सोय कुठे करायची, पैसे तर आधीच कापले गेलेत! कलम तसंच राहणार आणि त्याचा जीव गेलेला असणार. ब्रिटनमध्ये हे झालंय. तिथे थकबाकी असलेल्यांच्या घरात शिरून जबरदस्तीने प्रीपेड मीटर लावत होते, आजारी, अपंग माणसांच्या घरातसुद्धा, ते पेपरात आल्यावर फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या नियामकाने, ऑफजेमने, जबरदस्तीची बसवणी थांबवायला लावली. नियम तिथेही होतेच की.

गॅसचं तर त्याहून अवघड. विजेला निदान तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर विद्युत लोकपाल आहे, मुंबईला आणि नागपूरला. पाइपच्या गॅसला घराजवळ असं काहीच नाही. 2006 च्या कायद्याने झालेलं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायूचं नियामक मंडळ आहे ते दिल्लीत. मीटर आपल्या किचनमध्ये, रीडिंगवाला येतो तेव्हा आपण ऑफिसात, मग इथेही अंदाजे बिल, आणि फोन केला की पाच मिनिटं म्युझिक. तरी एक मार्ग दोन्हीकडे उघडा आहे, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "सेवा" या शब्दात वीज आणि इतर ऊर्जा पुरवठाही धरलाय, म्हणजे जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. पण 600 रुपयांच्या गॅस बिलासाठी कोण तारखा घेत बसणार, आणि हे त्यांनाही माहीत असतं.

सिलिंडरवाल्यांनी एवढं करा. डिलिव्हरीवाल्याला दारात वजन करून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, त्यात 14.2 किलो मिळवा, जुळलं पाहिजे. नवीन कनेक्शनबरोबर शेगडी आमच्याकडूनच घ्या असं कुणी म्हणालं तर घेऊ नका, सक्ती नाही. वास आला तर 1906.

मला विचाराल तर नवीन नियमांआधी एकच करा. बिलावर जिथे ठळक आकड्यात रक्कम छापता ना, त्याच्या खालीच, तेवढ्याच मोठ्या अक्षरात मराठीत छापा: हे बिल मान्य नसेल तर सहा महिन्यांच्या सरासरीने भरून तक्रार करता येते, तोवर वीज तोडली जाणार नाही. दोन ओळी. मागे वीज वाचवाच्या जाहिरातीला जागा असते, याला का नाही. आणि तिसऱ्यांदा अंदाजे बिल निघायला लागलं तर ते निघूच नये, सिस्टिमनेच अडवावं. बाकीचं हळूहळू बघू.

मावशीने त्या अर्जाची झेरॉक्स रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवलीय. तिला "अंडर प्रोटेस्ट" काही केल्या म्हणता येत नाही, ती "अंडर प्रोटीन" म्हणते. परवा फोनवर सांगत होती, खालच्या मजल्यावरच्या काकूंना पण पाच हजारांचं बिल आलंय आणि त्या येऊन विचारत होत्या, तुमचं ते प्रोटीनचं पत्र जरा झेरॉक्सला देता का.