इतिहासासाठी जाताय, तर स्टर्लिंगला जा

एडिनबराहून एका दिवसात ग्लेनकोची दरी आणि लॉक नेस तलाव करा, असं स्कॉटलंडच्या सहलीवरच्या एका लेखात सुचवलंय. निसर्गासाठी ठीक, पण बारा तासांतला मोठा वेळ बसमध्येच जातो. ग्लेनकोला गाडी थांबते ती बहुधा तीन डोंगरांसमोरच्या वाहनतळावर, फोटोपुरती. 13 फेब्रुवारी 1692 च्या हत्याकांडाचं स्मारक मात्र गावात आहे. राजा विल्यमशी निष्ठेच्या शपथेची मुदत होती 1 जानेवारी. या दरीतल्या मॅकडोनल्ड कुळाचा प्रमुख आधी फोर्ट विल्यमला गेला. तिथल्या अधिकाऱ्याला शपथ द्यायचा अधिकारच नव्हता, म्हणून पुढे इन्व्हरेरीला जाण्यात मुदत टळली. त्याच निमित्तानं, जवळजवळ दोन आठवडे त्यांच्याच घरी पाहुणचार घेतलेल्या सरकारी सैनिकांनी पहाटे त्यांच्यावर शस्त्र उचललं. एवढं तरी वाचून जा, नाहीतर ती नुसती सुंदर दरी वाटेल.

इतिहासच समजून घ्यायचा असेल तर स्टर्लिंग शहर. एडिनबराहून रेल्वेनं तासाभराच्या आत पोचता. आधी किल्ल्यावर जा आणि तटावरून फोर्थ नदीचं वळण नीट पाहा. 1297 साली इथे स्कॉटिश आणि इंग्रज सैन्यांत लढाई झाली, तेव्हा नदीवरचा पूल लाकडी आणि इतका अरुंद होता की दोनच घोडेस्वार शेजारी-शेजारी जाऊ शकत. अर्धंमुर्धं इंग्रज सैन्य पूल ओलांडेपर्यंत स्कॉटिश सेनानी वॉलेस आणि मरे थांबले, मग पुलाचं तोंड अडवलं. आजचा जुना दगडी पूल नंतरचा आहे. वाटाडे हे सांगतीलच असं नाही. दुपारी वॉलेस स्मारक, 246 पायऱ्या. जिना गोल आणि चिंचोळा आहे, गुडघे दुखत असतील त्यांनी खालूनच पाहावं.