'सिंडोपा बंद करा, कवचबीज सुरू करा' : त्या मेसेजला उत्तर

नाशिकमधल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या, सोसायट्यांच्या आणि सकाळी कृषीनगरच्या ट्रॅकवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मथळा 'कंपवाताच्या रुग्णांनो, सावधान!' हात जोडलेल्या इमोजींची भरपूर पेरणी आहे, पण मजकूर गाळला तर दावे चारच उरतात. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी (सिंडोपा) पाच वर्षांत निकामी होते, म्हणून जमेल तितकी उशिरा सुरू करा. ही गोळीच मेंदू पोखरते आणि अंग वेडंवाकडं हलायला लावते. ती बंद करून कवचबीजाचं चूर्ण कोमट दुधातून सकाळ-संध्याकाळ घ्या, नैसर्गिक असल्यामुळे त्याला साइड इफेक्ट नाही. आणि हात थरथरू लागला की तो कंपवातच, चूर्ण लगेच सुरू करा.

मी गंगापूर रोडच्या बाजूला एका मेडिकलच्या काउंटरमागे बसते. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, त्यामुळे कोणाचा डोस ठरवणं माझं काम नाही. पण हा मेसेज मोबाइलवर उघडून 'ताई, मग आता सिंडोपा नको का?' असं विचारणारी माणसं रोज समोर येतात. प्रत्येकाला उभ्या-उभ्या सांगून पुरत नाही, म्हणून हे लिहितेय.

सुरुवात तिसऱ्या दाव्यापासून करते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

कवचबीज म्हणजे खाजकुहिलीचं बी. शेताच्या बांधावर जिच्या शेंगेला चुकून हात लागला तर माणूस तासभर खाजवत बसतो, तीच वेल. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात आणि कंपवातासाठी ती सांगितलेली आहे, ते उगाच नाही. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी याच बियांमधून लेव्होडोपा वेगळं काढलं होतं. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, म्हणजे हालचालींसाठी लागणारं आणि या आजारात कमी पडणारं रसायन. आता घरातली सिंडोपाची पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. तिथे काय लिहिलंय? लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. म्हणजे 'लेव्होडोपा विष आहे, ते बंद करा आणि त्याऐवजी लेव्होडोपा खा' असा या मेसेजचा एकंदर सल्ला आहे. एकच रेणू पट्टीतून आला की विष आणि डबीतून आला की अमृत, हे कसं काय?

माझं भांडण बियांशी नाही, मापाशी आहे. या बियांमध्ये साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णात २०० ते ३०० मिलिग्रॅम. पण बी कुठलं, सोललेलं की सालासकट, भाजलेलं की दुधात उकडून शुद्ध केलेलं, यावर हा आकडा हलतो. शिवाय एकाचा चमचा सपाट, दुसऱ्याचा शिगोशिग. ज्या आजारात डॉक्टर पाव-अर्ध्या गोळीने डोस वर-खाली करतात, तिथे हा हिशेब चालत नाही.

दुसरी अडचण कार्बिडोपाची, जे चूर्णात नसतं. नुसतं लेव्होडोपा पोटात गेलं की त्यातलं बहुतेक मेंदूपर्यंत पोचण्याआधीच शरीरात डोपामिन होऊन संपतं. त्यातून मळमळ, उलटी, बीपी खाली येणं सुरू होतं. कार्बिडोपा ही गळती रोखतं, म्हणून गोळीतलं लेव्होडोपा नुसत्या लेव्होडोपाच्या साधारण चौथा हिस्सा असलं तरी भागतं. १९७०च्या दशकात ही जोडी बाजारात आली ती यासाठीच. चूर्ण कार्बिडोपाशिवाय देऊन पाहिल्याचे प्रयोगही झालेत. बोलिव्हियात एकेका मात्रेला त्याने छान काम केलं. पण रोज घ्यायला लावून १६ आठवडे पाहिलं तेव्हा १४ पैकी निम्म्या रुग्णांनी मध्येच सोडलं; काहींचं पोट बिघडलं, काहींच्या हालचाली आणखी मंदावल्या. 'साइड इफेक्ट नाही' हे वाक्य कुठून आलं, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

आणि वर 'कोमट दुधातून'! दुधातली प्रथिनं आतड्यात आणि पुढे मेंदूच्या दाराशी लेव्होडोपाच्याच वाटेने आत जातात. दोघांची गर्दी झाली की औषध मागे राहतं. गोळीच्या बाबतीतही घरोघरी हेच होतं: दूध, उपमा आणि गोळी एका घोटात. रविवारी मिसळ, म्हणजे मटकीची उसळ आणि वर दही, मग दुपारी तक्रार, 'आज गोळी चढलीच नाही.' मिसळ सोडायला कोणी सांगत नाही. गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी किंवा तासाभराने पाण्यासोबत घ्यायची. मळमळत असेल तर सोबत एखादं साधं बिस्किट किंवा थोड्या लाह्या. लोहाची गोळी चालू असेल तर दोघींत दोनेक तासांचं अंतर.

याच दाव्यातले 'बंद करून' हे दोन शब्द सगळ्यात घातक आहेत. लेव्होडोपा एकदम थांबवलं तर काही रुग्णांचं अंग लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो, भान हरपतं. घरच्यांना वाटतं व्हायरल असेल. तो व्हायरल नसतो, ती इमर्जन्सी असते आणि जिवावर बेतू शकते. बरं, काही जण दोन्ही घेतात: गोळीही चालू आणि गुपचूप चूर्णही. तिथे लेव्होडोपाची बेरीज होते. अंगाच्या अनैच्छिक हालचाली वाढतात, भास होतात, उठताना चक्कर येते आणि डॉक्टर बुचकळ्यात पडतात, कारण कागदावरचा डोस तर तोच आहे.

आता पहिला दावा, पाच वर्षांचा. याच्या मुळाशी एक खरा अनुभव आहे, म्हणून तो लोकांना पटतो. सुरुवातीला दिवसातून तीन गोळ्यांवर माणूस छान चालतो. काही वर्षांनी तीच गोळी तीन तासांतच उतरते, पुढच्या गोळीपर्यंत पाय जमिनीला चिकटतात. बघणाऱ्याला वाटणारच की गोळी निकामी झाली. पण मेंदूत काय झालेलं असतं? गच्चीवर टाकी असली की नळाला सकाळी तासभर पाणी आलं तरी दिवस निघतो; टाकीच गेली तर पाणी असेल तेवढाच वेळ नळ चालतो. डोपामिन साठवणाऱ्या पेशी ही ती टाकी. आजारात त्या कमी होत जातात, तर औषध रक्तात दीडेक तासात निम्म्यावर येतं. गोळी अजूनही काम करते, टिकत नाही इतकंच. त्यावर उपाय असतात: डोस लहान करून वेळा वाढवणं, गोळीचा असर लांबवणाऱ्या एन्टाकॅपोन किंवा रॅसाजिलिनची जोड, अनैच्छिक हालचाली वाढल्या तर अमँटाडिन.

'उशिरा सुरू करा' हे तर तपासूनही झालंय. घानामध्ये औषध मिळायलाच उशीर होतो, म्हणून तिथल्या आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना केली गेली. निष्कर्ष २०१४ साली आले. घानातल्या लोकांनी गोळी उशिरा सुरू केली होती, तरी औषध लवकर उतरणं आणि अंगाच्या हालचाली हे त्रास दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच वर्षांत सुरू झाले. उशीर करून वाचलं काहीच नाही, मधली चांगली वर्षं मात्र शर्टाची बटणं लावण्याशी झगडण्यात गेली.

मेंदू पोखरण्याचं म्हणाल, तर तीही शंका डॉक्टरांनीच आधी काढली होती. २००४ च्या अभ्यासात ३६१ रुग्णांपैकी काहींना ४० आठवडे वेगवेगळ्या मात्रेत लेव्होडोपा दिलं, काहींना खोटी गोळी. नंतर दोन आठवडे सगळ्यांचं औषध थांबवून पाहिलं, तर लेव्होडोपावाले खोट्या गोळीवाल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होते. २०१९ मध्ये ४४५ रुग्णांच्या डच अभ्यासात लवकर सुरू करणारे आणि ४० आठवडे थांबलेले शेवटी बरोबरीत निघाले. म्हणजे लेव्होडोपा आजाराची गती थांबवत नाही आणि वाढवतही नाही. अंगाच्या हालचालींबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे, मोठ्या मात्रेला त्या जास्त दिसतात. पण तो डोस बेतून घेण्याचा मुद्दा झाला.

चौथा दावा चटकन उरकते. चहाचा कप ओठाशी नेताना, सही करताना थरथरणारा हात बरेचदा वेगळ्याच कंपाचा असतो. त्याचं औषध वेगळं, त्यावर ना सिंडोपा चालत ना कवचबीज. पार्किन्सन्सचा कंप सहसा एका बाजूने सुरू होतो आणि हात मांडीवर निवांत असताना दिसतो. कितीतरी रुग्णांना तर कंप नसतोच. अक्षर बारीक होत जातं, चालताना एक हात हलत नाही, वास येईनासा होतो, झोपेत लाथा झाडल्या जातात.

'कंपन्यांचा धंदा' असाही एक शेरा त्या मेसेजच्या शेपटाला आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाचं पेटंट केव्हाच संपलंय आणि ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. पुढे बोलायची गरज नाही.

खरोखर सावध करायचंच होतं, तर मेसेजवाल्याला विषय कमी नव्हते. परवाच एक सूनबाई सासऱ्यांच्या दोन चिठ्ठ्या घेऊन आल्या. एकीवर सिंडोपा, दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ॲसिडिटीची कॅप्सूल. पट्टीमागे लिहिलेलं: पँटोप्राझोल आणि लेव्होसल्पिराइड. यातलं दुसरं औषध मेंदूतलं डोपामिनच अडवतं. एक गोळी दार उघडणार, दुसरी कडी लावणार! उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करसाठी सर्रास दिली जाणारी प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन, यांचंही तेच. ज्यांना पार्किन्सन्स नाही त्यांनाही यातून पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात आणि औषध थांबलं की बऱ्याच जणांची हळूहळू ओसरतात. कंपासाठीच्या ट्रायहेक्सिफेनिडिलने वयस्कर माणसाला विसराळूपणा येतो, लघवी अडते, बद्धकोष्ठता वाढते. प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल या पार्किन्सन्सच्याच दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्यावर बाबा अचानक ऑनलाइन रमीत पैसे घालवू लागले, तर त्यांच्या स्वभावाला दोष देण्याआधी डॉक्टरांना सांगा. हा त्या गोळ्यांचा माहीत असलेला परिणाम आहे, पण लाजेपोटी घरात कोणी बोलत नाही.

ज्यांनी चूर्ण सुरू केलेलंच आहे, त्यांनी घाबरून तेही एका दिवसात टाकून देऊ नये. त्यातही लेव्होडोपा आहे, म्हणून एकदम थांबवण्याचा धोका तिथेही आहे. डबी, चमचा आणि चालू असलेल्या सगळ्या पट्ट्या, ॲसिडिटीच्या आणि चक्करच्या सुद्धा, एका पिशवीत घाला आणि न्यूरॉलॉजिस्टच्या टेबलावर ठेवा. सोबत दोन-तीन दिवसांची नोंद न्या: गोळी किती वाजता घेतली, कितीला चढली, कितीला उतरली, मध्ये काय खाल्लं. वैद्यांचं औषध असेल तर त्यांची चिठ्ठीही न्या. डॉक्टर रागावतील म्हणून डबी लपवली, तर ते आहे त्याच डोसवर दुसरा डोस चढवतील.